तुम्ही विचारलंत म्हणून : रग्बी खडतर की अमेरिकन फुटबॉल?

साताऱ्यात मी कुस्ती आणि कबड्डी शिकवतो. तरीही सुपर बोल (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) आणि रग्बीच्या चित्रफिती मोबाइलवर पाहून आलेली मुले, आणि कधी त्यांचे पालकही, मला विचारतात, की या दोहोंत अंगाने अधिक कणखर कोण. बहुतेकांचे उत्तर आधीच ठरलेले असते: हेल्मेट घालून आणि खांद्यांवर गाद्या बांधून खेळणारे अमेरिकन नाजूक, तर नुसत्या जर्सीवर भिडणारे रग्बीवाले खरे रांगडे. मला हे पटत नाही, कारण चिलखताने अमेरिकन फुटबॉलमधली टक्कर सौम्य केली नाही, उलट वाढवली.

हा खेळ रग्बीतूनच निघाला आणि सुरुवातीला जवळजवळ उघड्या डोक्याने खेळला जाई. १९०५ च्या एका हंगामात अमेरिकेत सुमारे १८ खेळाडू दगावले; त्याच हंगामात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून खेळ सुधारण्यास बजावले. पुढच्याच वर्षी चेंडू पुढे फेकण्याची मुभा मिळाली आणि घोळक्यातली चेंगराचेंगरी कमी झाली. हेल्मेट १९४३ मध्ये एनएफएल या व्यावसायिक स्पर्धेत सक्तीचे झाले, पुढे ते कडक प्लास्टिकचे झाले, आणि डोके सुरक्षित आहे असे वाटू लागताच खेळाडू डोक्यानेच धडक देऊ लागले. अखेर १९७६ मध्ये शालेय आणि महाविद्यालयीन सामन्यांत अशा धडकेवर बंदी घालावी लागली. हेल्मेट कवटी फुटू देत नाही, परंतु कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते थांबवू शकत नाही. पिट्सबर्ग स्टीलर्स या एनएफएल संघाचे माइक वेबस्टर २००२ मध्ये वारले, तेव्हा शवविच्छेदन करणारे डॉ. बेनेट ओमालू यांना त्यांच्या मेंदूत याच वारंवार बसलेल्या हिसक्यांच्या खुणा सापडल्या.

नियमांतला फरकही मोलाचा आहे. रग्बीत ज्याच्या हाती चेंडू आहे त्यालाच पाडता येते, पाडताना हातांनी कवळावे लागते, आणि खांद्याच्या वर पकडले तर शिक्षा होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू नसलेल्यालाही अडवता येते आणि हात न गुंडाळता नुसत्या खांद्याने उडवता येते. हवेत उडी मारून पास झेलणाऱ्याच्या तर बरगड्या उघड्याच असतात. दीडशे किलोच्या आसपासचे लाइनमन, म्हणजे पुढच्या रांगेतले खेळाडू, प्रत्येक डावाला एकमेकांवर आदळतात. एका टकरीपुरते विचाराल, तर माझे मत अमेरिकन फुटबॉलच्या बाजूने आहे.

दमाचा हिशेब मात्र वेगळा आहे. अमेरिकन फुटबॉलचा सामना घड्याळाने ६० मिनिटांचा असला आणि प्रत्यक्षात तीन तासांवर चालला, तरी त्यात चेंडू जेमतेम ११ मिनिटे खेळात असतो. पाच-सहा सेकंदांचा डाव झाला की पुन्हा जुळवाजुळव, शिवाय आक्रमणाचा आणि बचावाचा संच निराळा. रग्बीच्या ८० मिनिटांत चेंडू साधारण ३५ मिनिटे खेळात राहतो, तेच पंधरा जण आक्रमणही करतात आणि बचावही, आणि ज्याला आत्ताच पाडले त्याला उठून लगेच पुढच्या पकडीसाठी धावावे लागते. आपल्याकडे हे समजावणे सोपे आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकले, त्या वेळी जपानी मल्लाशी दीर्घ कुस्ती झाल्यावर पुरेशी विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभे केले गेले, असे सांगितले जाते. आखाड्यात उतरलेल्या कोणालाही ही दुसरी कुस्ती म्हणजे काय ते ठाऊक असते. रग्बीत ती दर मिनिटाला असते.

म्हणून एकाचा गडी दुसरीकडे सहज चालेल असेही नाही. ऑस्ट्रेलियात रग्बी लीग (रग्बीचाच तेरा जणांचा प्रकार) खेळणाऱ्या जॉर्डन मायलाटाला फिलाडेल्फिया ईगल्स या एनएफएल संघाने २०१८ मध्ये घेतले, तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता. आज तो तिथला नावाजलेला लाइनमन आहे, परंतु त्याचे सुमारे १६५ किलोंचे शरीर ८० मिनिटे पळवणे हे मला तरी अवघड वाटते.

रग्बीवाल्यांनीही फुशारकी मारू नये. २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या इंग्लंड संघातल्या स्टीव्ह थॉम्पसन यांना चाळिशीतच स्मृतिभ्रंश झाला आणि तो अंतिम सामना आपल्याला आठवतच नाही असे त्यांनी सांगितले. फ्रान्सने २०१९ मध्ये हौशी खेळाडूंसाठी पकडीची उंची कमरेपर्यंत खाली आणली, ती अशाच धास्तीने.

आमच्या मैदानावर मुलांना रग्बीची पकड करून पाहायची असते. तेव्हा मी आधी कुस्तीतला पट काढायला लावतो: गुडघे वाकवून खाली जायचे, खांदा मांडीला लावायचा, दोन्ही हात मागून आवळायचे आणि डोके समोरच्याच्या कमरेच्या बाजूला ठेवायचे. ज्याचे डोके धावणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे आडवे येते, त्याला त्या दिवशी मी पुन्हा पकड करू देत नाही, मग तो कितीही तगडा असो.