एकच उघडा टाका

लेक दुपारी झोपली की माझ्या हातात जेमतेम चाळीस मिनिटं असतात. भांडी तशीच ठेवते (हो, मुद्दाम!) आणि क्रोशाची सुई काढते. आधी दोन सुयांवर विणायचे. पण त्यात साठ-सत्तर टाके एकदम उघडे, ती मध्येच उठली आणि सुई निसटली की संपलं. क्रोशात एका वेळी एकच टाका उघडा. त्यात सेफ्टी पिन अडकवायची आणि पळायचं.

काल नेमकी पिन राहिली. बाईसाहेबांनी लोकरीचं टोक धरून घरभर फेरी मारली. खांबांच्या (म्हणजे क्रोशाच्या उंच टाक्यांच्या) अकराच्या अकरा ओळी उसवल्या. नवरा म्हणतो, "बघ तरी, किती खूश आहे ती!" त्याचं काय जातंय! आज परत पायाच्या साखळीपासून सुरुवात.