ग्राहकाकडे तट्टू आहे

पुण्यात रात्रपाळीला, ब्रिटनमधल्या थकीत बिलांची वसुली करणाऱ्या कॉल सेंटरच्या एका प्रोसेसमध्ये मी क्यूए होते. दुसऱ्यांचे कॉल ऐकायचे आणि गुण कापायचे, असं ते काम. एका रात्री नव्या मुलाची नोंद समोर आली: 'ग्राहकाकडे तट्टू आहे. विकून बिल भरणार का, विचारावे.'

कॉल लावला. पलीकडचा लंडनकर म्हणत होता, "आय अ‍ॅम स्किंट, मेट. कॅन डू यू अ पोनी, फ्रायडे." पोनी म्हणजे एरवी तट्टू, पण लंडनच्या बोलीत पोनी म्हणजे 25 पौंड आणि मंकी म्हणजे 500. बिचारा खिसा रिकामा आहे, शुक्रवारी 25 पौंड भरतो म्हणत होता आणि आम्ही त्याचा तबेला विकायला निघालो होतो.

मुलगा परभणीचा, इंग्रजी चांगलं. बोलावलं तर उलट मलाच विचारलं, "मॅडम, 'ड्राउनिंग इन डेट' मला कुणी न शिकवता कळलं. मग हेच का अडलं?"

प्रश्न रास्त होता. 'ड्राउनिंग'मधलं रूपक जिवंत आहे. कर्ज म्हणजे पाणी एवढं धरलं की पुढचं आपसूक उलगडतं: माणूस बुडतो, गटांगळ्या खातो, डोकं वर ठेवायला धडपडतो. आपणही कर्जात बुडतोच की. याउलट 'फूट द बिल' म्हणजे बिल भरणं. त्यात पायाच्या जागी हात घालून बघ म्हटलं, हाती काही लागत नाही. हिशेबाच्या पायथ्याशी बेरीज मांडायचे त्यातून तो आला, पण आज बोलणाऱ्याला तो पायथा दिसत नाही. असा वाक्प्रचार आख्खाच पाठ करायचा.

पोनी-मंकीचं मात्र याहून अवघड. मंकी हिंदुस्थानातल्या माकडाच्या चित्राच्या 500 रुपयांच्या नोटेवरून आला, अशी कथा सांगतात. तशी नोट काही मला कुणी दाखवलेली नाही. मी त्याला म्हटलं, आपला खोकाच घे. खोक्यात नोटा भरलेल्या डोळ्यांसमोर येतात, म्हणजे चित्र आहे. पण पेटी म्हणजे लाख आणि खोका म्हणजे कोटी, हे माहीत नसेल तर नुसत्या चित्रावरून आकडा कसा काढणार?

तो हसला. "म्हणजे पन्नास खोके ऐकून लंडनवाला पुठ्ठ्याचे खोके मोजेल."

नोंद दुरुस्त केली. गुण मात्र कापले. आकडा कळला नाही तर ग्राहकालाच परत विचारायचं, हे त्याला ट्रेनिंगमध्येच सांगितलं होतं.