अपग्रेड झाले, मायक्रोकोड मात्र मागेच राहिला

जून २०२३ मध्ये डेबियन या लिनक्सवर आधारित ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती १२ प्रसिद्ध झाली आणि महिन्याभरातच मी माझ्या देखरेखीखालचा एक सर्व्हर ११ वरून १२ वर नेला. सेवा सुरू झाल्या, लॉगमध्ये काही लाल दिसले नाही, म्हणून मी तो विषय मिटवून टाकला. पुढे कितीतरी महिन्यांनी कोअरची संख्या पाहण्यासाठी एलएससीपीयू ही प्रोसेसरची माहिती दाखवणारी कमांड दिली, तेव्हा खालच्या त्रुटींच्या यादीत ‘गॅदर डेटा सॅम्पलिंग’ या नावापुढे ‘व्हल्नरेबल: नो मायक्रोकोड’ (धोका आहे, मायक्रोकोड नाही) असे शब्द दिसले. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘डाउनफॉल’ या नावाने गाजलेली, इंटेलच्या प्रोसेसरमधली त्रुटी ती हीच. कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, नवा होता, त्याला ती त्रुटी ओळखताही येत होती. पण तिच्यावरचा उतारा ज्या मायक्रोकोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या कामकाजाच्या सूचनांमध्ये, होता, तो यंत्रावर आलाच नव्हता.

पॅकेजांची माहिती देणाऱ्या एपीटी-कॅशच्या पॉलिसी या उपकमांडला ‘इंटेल-मायक्रोकोड’ हे नाव दिल्यावर उलगडा झाला. पॅकेज बसवलेले होते, पण त्याच्या आवृत्तीखाली कोणत्याही रेपॉझिटरीचा, म्हणजे पॅकेजे जिथून येतात त्या भांडाराचा, पत्ता नव्हता. होती ती फक्त पॅकेजे बसवणाऱ्या डीपीकेजीच्या स्थानिक स्टेटस फाइलची ओळ. म्हणजे पॅकेज अनाथ झाले होते. २०२२ मध्ये डेबियनच्या विकसकांनी मतदान करून, मुक्त परवाना नसलेले फर्मवेअरही (हार्डवेअरच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) इन्स्टॉलरसोबत द्यायचे ठरवले आणि त्यानुसार आवृत्ती १२ पासून अशी पॅकेजे ‘नॉन-फ्री’मधून काढून ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ या स्वतंत्र विभागात ठेवली. माझ्या सोर्सेस-लिस्टमध्ये, म्हणजे रेपॉझिटरींच्या यादीत, मी फक्त आवृत्तीचे नाव बदलले होते, विभाग तेच जुने ठेवले होते. एपीटी अपडेट देताना या बदलाची सूचना येते, पण माझे अपडेट स्वयंचलित असल्याने ती वाचणारे कोणी नव्हते. चूक सर्वस्वी माझी, आणि ती लक्षात येऊ नये अशीच तिची घडण: जुने पॅकेज जागेवर राहते, काम करत राहते आणि एरर कुठेच येत नाही. अशी अनाथ पॅकेजे एकदम पाहायची असतील, तर ‘एपीटी लिस्ट’पुढे टिल्ड (~) आणि ओ ही दोन चिन्हे अवतरणांत द्यावीत.

दुरुस्ती पाच मिनिटांची होती. सोर्सेस-लिस्टमध्ये एक शब्द वाढवला, अपडेट दिले, पॅकेज नव्या आवृत्तीवर आणले. इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणाऱ्या फाइलींचा गठ्ठा, त्याने स्वतःच पुन्हा बांधून घेतले. मायक्रोकोड प्रोसेसरमध्ये कायमचा कोरला जात नाही, प्रत्येक बूटच्या अगदी आरंभी तो नव्याने चढवावा लागतो, त्यामुळे रीबूट अटळ होता. रविवारची पहाट मागून घेतली. यंत्र परत आल्यावर कर्नेलच्या लॉगमध्ये पहिल्या काही ओळींतच मायक्रोकोड अद्ययावत झाल्याची नोंद होती आणि एलएससीपीयूमध्ये त्याच नावापुढे आता ‘मिटिगेशन; मायक्रोकोड’ (मायक्रोकोडने बंदोबस्त) आले होते.

नेटवर्क कार्डाचे फर्मवेअर नसेल, तर निदान बोभाटा तरी होतो. कर्नेलचा लॉग दाखवणाऱ्या डीमेसेजमध्ये ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड’ अयशस्वी झाल्याची ओळ येते आणि तिच्या शेवटी उणे २ हा आकडा असतो. त्याचा अर्थ एवढाच, की फाइल सापडली नाही. कोणत्या ड्रायव्हरला कोणत्या फाइली लागू शकतात, हे मॉडइन्फो या कमांडला विचारता येते. ब्रॉडकॉमच्या जुन्या कार्डांच्या बीएनएक्स२ ड्रायव्हरला ती फाइल मिळाली नाही, तर कार्ड चालूच होत नाही आणि दूरच्या सर्व्हरशी आपला संपर्क तुटतो. म्हणून मी आता रीबूटआधी हे तपासून घेतो.

चिपमध्ये कायमचे लिहिले जाणारे फर्मवेअर ही निराळी जात आहे आणि त्यासाठी एफडब्ल्यूअपडी हे साधन आहे. त्याच्या गेट-डिव्हायसेस आणि गेट-अपडेट्स या उपकमांडा मी निर्धास्तपणे देतो, कारण त्या माहिती दाखवण्यापलीकडे काही करत नाहीत. अपडेट ही तिसरी उपकमांड मात्र यंत्राचा रिमोट कन्सोल हाताशी असल्याशिवाय मी देत नाही.