मॉडेल चाललं, पण बीटा शून्याला चिकटून

जॅग्ज आणि स्टॅन ही बायेशियन सांख्यिकी मॉडेलं चालवणारी दोन सॉफ्टवेअर. जॅग्जमधलं जुनं रिग्रेशन मॉडेल स्टॅनमध्ये आणायचं होतं. ओळी चाळीसच, आणि त्यातल्या काही आधीच कुणीतरी बदलून ठेवलेल्या.

कंपायलर पहिल्यांदा अडला तो अ‍ॅरेच्या घोषणेवर. आधी प्रकार, मग नाव आणि शेवटी चौकटी कंसात लांबी, ही जुनी रचना २.३३ आवृत्तीपासून चालत नाही. आता आधी 'अ‍ॅरे' आणि कंसात लांबी, मग 'इंट', मग नाव. ही चूक ओळ क्रमांकासकट समोर येते, म्हणून पाच मिनिटांत सुटली.

नंतर म्यू (मॉडेलने वर्तवलेली सरासरी) 'नॅन', म्हणजे आकडाच नाही, अशी तक्रार आली. जॅग्जमध्ये ओळी कुठल्याही क्रमाने लिहिल्या तरी चालतात, स्टॅन मात्र वरून खाली चालतो. म्यू जिथे वापरला होता, त्याच्या तीन ओळी खाली तो भरला जात होता. तो लूप वर नेला. सिग्माला, म्हणजे नॉइजच्या स्टँडर्ड डेव्हिएशनला, शून्याची खालची मर्यादाही नव्हती. मर्यादा नसेल तर सुरुवातीची किंमत उणे २ ते २ मधून निवडली जाते, म्हणजे निम्म्या वेळा उणेच. तीही घातली.

मग मॉडेल अगदी सुरळीत चाललं. आर-हॅट १.०० (सॅम्पलिंगच्या साखळ्या एकमेकींशी जुळल्याची खूण), डायव्हर्जन्स, म्हणजे सॅम्पलर भरकटल्याचा इशारा, एकही नाही. आणि बीटा, म्हणजे एक्सचा परिणाम सांगणारा चढ, जवळजवळ शून्य! खरा डेटा असता तर 'परिणाम नाही' असा निष्कर्ष निघून अहवालात गेला असता. पण हा डेटा मुद्दाम तयार केलेला होता: २०० नोंदी, प्रमाणित एक्स (सरासरी ०, स्टँडर्ड डेव्हिएशन १), बीटा २, सिग्मा १. धागा सापडला तो सिग्मात. तो १ ऐवजी २.२ च्या आसपास येत होता. चढाने जे समजवायचं ते सगळं नॉइजच्या खात्यात जमा होत होतं: १ अधिक २ चा वर्ग म्हणजे ५, त्याचं वर्गमूळ २.२४. म्हणजे बीटाला कुणीतरी दाबून धरलं होतं.

प्रायरची, म्हणजे डेटा बघण्याआधी बीटाबद्दल धरलेल्या अंदाजाची, ओळ पाहिली: नॉर्मल, ० आणि ०.००१. जॅग्जमध्ये दुसरा आकडा प्रिसिजन असतो, म्हणजे व्हेरियन्सचा व्यस्त. तिथे हा प्रायर चांगलाच ऐसपैस. स्टॅनमध्ये तोच आकडा स्टँडर्ड डेव्हिएशन होतो आणि बीटाला शून्यावर खिळा ठोकतो. लाइकलीहुडच्या (डेटा कसा येतो ते सांगणाऱ्या) ओळीत टाऊ, म्हणजे प्रिसिजन, काढून सिग्मा आधीच घातलेला होता, म्हणूनच प्रायरवर संशय जायला वेळ लागला. ०.००१ च्या वर्गमूळाचा व्यस्त ३१.६. हुबेहूब भाषांतर हवं तर तोच आकडा. एक्स प्रमाणित असताना माझ्या मते ५ सुद्धा पुष्कळ. बदल केल्यावर बीटा २ पाशी आला, सिग्मा १ पाशी.

मग सोबतच्या बाकी फाईलही चाळल्या. लॉग-नॉर्मलमध्ये तोच प्रिसिजनचा घोळ. टी-वितरणात तर क्रमच वेगळा: जॅग्जमध्ये डिग्रीज ऑफ फ्रीडम शेवटी, स्टॅनमध्ये पहिली. तिथे पहिला आकडा ० राहिला होता, त्यामुळे ती फाईल निदान चालवताक्षणी ओरडली.