एक तास इकडे

अमेरिकेत एल पासोला लेकीकडे गेलो होतो. एका रविवारी दुपारी तिनं पूल ओलांडून पलीकडे मेक्सिकोत, हुआरेसला नेलं. त्या पुलावर टोल नाही, म्हणून तिथली माणसं त्याला ‘पुएंते लिब्रे’च म्हणतात. फुकटातला पूल. उतरलं की समोर चामिसालची बाग.

बाग म्हटलं की मला ‘हिरवळीवर चालू नये’ची पाटी आठवते. इथं चालणं सोडाच, झाडाखाली शेगड्या पेटल्या होत्या आणि धूर सगळीकडे. गाडीवाल्यानं उकडलेलं कणीस काडीला टोचलं, त्याला मेयोनीज फासलं, मग चीज, लाल तिखट, लिंबू. मेयोनीज बघून माझं तोंड वाकडं झालं, तिखट-लिंबू बघून सरळ झालं.

“बाबा, बसलोय ना, ती जमीन शंभर वर्षं भांडणात होती,” लेक म्हणाली.

१८४८ साली दोन्ही देशांची हद्द ठरली ती पुलाखालच्या रिओ ग्रांदे नदीच्या मधोमध. नदीला कुणी विचारलं नव्हतं. ती दक्षिणेला सरकत राहिली आणि १८६४ च्या पुरात तिनं उडीच मारली. मेक्सिकोची शेकडो एकर जमीन अमेरिकेच्या काठाला जाऊन लागली. पुढे १८८४ मध्ये दोघांनी नियम केला: नदी हळूहळू सरकली तर हद्दही तिच्याबरोबर सरकते, एकदम पात्र बदललं तर हद्द जुन्याच जागी. १९११ मध्ये लवादानं त्याच मापानं निवाडा दिला, पुराआधी हळूहळू सरकलेली जमीन अमेरिकेची, पुरानं तोडलेली मेक्सिकोची. अमेरिकेनं तो मानला नाही. शेवटी १९६३ चा करार झाला, देणंघेणं होऊन मेक्सिकोकडे ४३७ एकर जास्तीचे आले. एल पासोतल्या साडेपाच हजारांवर माणसांना घरं सोडावी लागली. आणि नदीला सिमेंटच्या पाटात घातलं.

हळूहळू सरकली तर चालतं. माझं कणीस तोंडाशीच थांबलं.

आमचं रान कृष्णाकाठचं. शेजारी बांध कोरतो, हे आजोबांचं पेटंट वाक्य. दरवर्षी नांगराचं एक तास इकडे, म्हणायचे. त्यासाठी जेवणं थांबत, भावकी बसे, शिव्यांना नवीन शब्द सापडत. मी आठेक वर्षांचा असताना सरकारी मोजणी आली. साखळीचं एक टोक मला धरायला दिलं. कडक ऊन, हातात तापलेली कडी, आणि मोजणीदार हुं की चूं न करता खुंट्या ठोकत चाललेला. शेवटची खुंटी ठोकली ती आमच्या ज्वारीत, बांधापासून दोन हात आत. म्हणजे कोरलं कुणी, ते सगळ्यांना कळलं.

शेजाऱ्यानं फक्त तंबाखू चोळली. घरी येताना आजोबा म्हणाले, “नांगर सरकतो रे. आपण कुठं सरकवतो?”

परतताना पुलावर लांबच लांब रांग होती. खाली सिमेंटच्या पाटात पाणी जेमतेम घोट्याएवढं. एवढ्यासाठी, असं म्हणणार होतो, पण दोन हातांचं आठवलं.

पुढे काकांनी शेजारचं रान विकतच घेतलं. बांध राहिला नाही.

“बाबा, पासपोर्ट हातात घ्या,” लेक म्हणाली.