ट्रेनिंगचा फॉर्म, 'शिकण्याची शैली' आणि वाया गेलेले तीन आठवडे

अंधेरीच्या ऑफिसातल्या डिस्पॅचच्या १८ जणांना ई-वे बिलाचं (माल गाडीने पाठवताना जीएसटीसाठी ऑनलाइन काढावं लागणारं बिल) काम नव्या सॉफ्टवेअरवर शिकवायचं होतं. खर्चाची मंजुरी, ट्रेनर, कॉन्फरन्स रूम सगळं आठवड्याभरात जमलं. अडलं ते एचआरच्या ऑनलाइन फॉर्ममधल्या एका रकान्यापाशी, आणि तिथे तीन आठवडे गेले. त्याचा राग अजून उतरलेला नाही. असा फॉर्म उद्या तुमच्याकडेही येईल, म्हणून लिहितेय.

रकाना होता 'कर्मचाऱ्याची शिकण्याची शैली'. पर्याय तीन: पाहून, ऐकून, करून. टिक एकावरच. दोन ठिकाणी केली तर फॉर्म सेव्ह होत नाही, रिकामा सोडला तर परत येतो. या टिकांवरून तीन बॅच पडणार होत्या: एकीला व्हिडिओ, दुसरीला व्याख्यान, तिसरीला प्रत्यक्ष सराव. ई-वे बिल हे स्क्रीनवर भरायचं काम आहे. नुसतं व्याख्यान ऐकून ते कुणालाच येत नाही, मग त्याला ऐकायला कितीही आवडत असो.

आवड असते, ते नाकारायचं कारण नाही. पण आवडीप्रमाणे शिकवलं तर माणूस जास्त शिकतो का, हा वेगळा प्रश्न आहे. २००८ साली पॅशलर, मॅकडॅनियल, रोहरर आणि ब्यॉर्क या मानसशास्त्रज्ञांनी त्याचा पुरावा तपासला. त्यांची अट सोपी होती. 'पाहून' शिकणारे आणि 'ऐकून' शिकणारे असे गट करा, प्रत्येक गटातल्या काहींना चित्रांनी आणि काहींना बोलून शिकवा, शेवटी सगळ्यांची एकच परीक्षा घ्या. एका गटाला चित्रं आणि दुसऱ्याला बोलणं खरोखर जास्त उपयोगी पडलं, तरच शैलीला अर्थ. असे अभ्यासच मोजके सापडले आणि त्यांतले काही तर दाव्याच्या उलट निघाले. शैलीप्रमाणे वर्ग पाडावेत इतका पुरावा नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं.

हे सगळं मी मेलमध्ये मांडलं. नऊ दिवस उत्तर नाही. दहाव्या दिवशी आलं: 'कृपया फॉर्म पूर्ण भरावा.' फोन केला तर, "मॅडम, सिस्टिममध्ये तसंच आहे." फॉर्म आणखी दोनदा परत आला. इकडे सॉफ्टवेअर सुरू व्हायची तारीख जवळ येत होती आणि माणसं जुन्याच एक्सेल शीटवर काम ओढत होती.

सुटलं ते एका प्रश्नाने: "या टिकचा तुम्ही पुढे काय उपयोग करता?" उत्तर आलं, "बॅच पाडायला." म्हणजे त्यांना बॅच पाडायला काहीतरी निकष हवा होता, बस. निकष चुकीचा आहे हे पटवण्यात दिवस घालवू नका. दुसरा निकष तयार करून, भरलेल्या यादीसकट त्यांच्या हातात द्या. आम्ही एका पानावर १८ नावं, आठ कामं आणि प्रत्येकाचे गुण दिले. मंजुरी दुसऱ्या दिवशी आली.

निकष होता: आधी किती येतं. शिकण्यात माणसामाणसात जो फरक खरोखर पडतो, त्यात हा फार मोठा. चाचणी २० मिनिटांची, आपापल्या कॉम्प्युटरवर. मागे एकाने गप्प बसून फक्त नोंद करायची. प्रश्न रोजच्या कामातले:

भिवंडी ते नाशिक, ९०,००० चा माल, बिल लागेल का? (नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात मर्यादा १ लाख, राज्याबाहेर जाताना ५०,०००.) ४५० किलोमीटरला बिलाची मुदत किती? (तीन दिवस, दर २०० किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक दिवस.) कसाऱ्याजवळ गाडी बंद पडली, माल दुसऱ्या गाडीत टाकला, आता काय? (पार्ट बीमध्ये, म्हणजे बिलातल्या गाडीच्या तपशिलाच्या भागात, नव्या गाडीचा नंबर टाका; मुदत मात्र तीच राहते.) चुकलेलं बिल रद्द करायला वेळ किती? (२४ तास.)

कसाऱ्याच्या प्रश्नावर बरेच जण नवीन बिल काढायला निघाले. मीटिंगमध्ये "मला येतं" म्हणणारेही त्यात होते, आणि कधीच न बोलणाऱ्या दोघांनी तो मिनिटभरात सोडवला. म्हणून 'तुम्हाला कितपत येतं' असं तोंडी विचारून बॅच पाडू नका.

पाच जणांना सहाच्या वर जमलं, आठ जण मधले, पाच जण अगदी नवे. वरच्या पाचांना पायरी-पायरीने शिकवू नका. जाणत्याला तपशीलवार सूचना दिल्या की तो उलट अडखळतो; कल्युगा आणि सहकाऱ्यांनी २००३ साली हाच परिणाम मांडला आहे. त्यांना थेट बिघडलेली बिलं द्या. नव्यांना आधी पूर्ण सोडवलेलं बिल, मग शेवटची पायरी कोरी असलेलं, मग शेवटच्या दोन पायऱ्या कोऱ्या, असं करत शेवटी अख्खं कोरं. पहिल्या दिवशी चारपेक्षा जास्त प्रकार नकोत.

जोड्या लावताना सगळ्यात हुशार आणि सगळ्यात नवा यांना एकत्र बसवायचा मोह होतो. टाळा. हुशार माणूस पाचव्या मिनिटाला माउस हातात घेतो. नव्याबरोबर मधला बसवा, आणि माउस नव्याच्याच हातात राहील हा नियम करा. चर्चेआधी पाच मिनिटं प्रत्येकाने आपलं उत्तर लिहायचं, मग बोलायचं, आणि सिनियरने शेवटी बोलायचं. सिनियर आधी बोलला की बाकीच्यांची उत्तरं तिथेच विरतात.

आधीच सांगायला हवं होतं: वेळ. सेकंड शिफ्टची माणसं रात्री उशिरा बदलापूर-विरारला पोचतात. त्यांना सकाळी नऊला बसवलं तर ती डोळे उघडे ठेवून झोपतात, आणि मग 'हा स्लो लर्नर' असा शिक्का बसतो. आम्ही साडेअकराला घेतलं. स्क्रीनवरचे शब्द इंग्रजी, म्हणून प्रत्येकाला देवनागरीत उच्चार आणि अर्थ असलेलं लॅमिनेटेड कार्ड दिलं. अक्षरं मोठी, वेळ सगळ्यांना जास्त. वाचायला कुणाला त्रास होतो का, हे चारचौघांत विचारायचं नाही. सोय सगळ्यांना दिली की कुणाला आपली अडचण उघड करावी लागत नाही.

ट्रेनिंगनंतर १, ३, ७ आणि २१ व्या दिवशी तीन प्रश्न, पाच मिनिटं, कार्ड न पाहता. पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून लिहिलेलं जास्त टिकतं. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ च्या प्रयोगात आठवड्याने हा फरक दिसला होता. सातव्या दिवशीची चाचणी टाळू नका. पार्ट बीची चूक आमच्याकडे तिथेच पुन्हा डोकं वर काढत होती.

तो रकाना फॉर्ममध्ये अजून आहे. सेव्ह होण्यासाठी टिक करावीच लागत असेल तर सगळ्यांना 'करून' लावा, शेऱ्यात 'बॅच चाचणीवरून, यादी जोडली आहे' असं लिहा आणि यादी पीडीएफमध्येच जोडा. एक्सेल फाइल आमच्या पोर्टलने दोनदा गिळली होती.