जुनी मराठी फाईल ठेवताय, मग तिचा फाँटपण ठेवा

दर दिवाळीच्या सुट्टीत मी घरच्या जुन्या फाईली काढून बसते, आणि हे कोणाला सांगितलं की हमखास उत्तर येतं, अगं हार्ड डिस्कवर कॉपी मारली की झालं ना! इंग्रजी फाईलींचं होत असेल तसं, जुन्या मराठी फाईलींचं नाही होत.

२००० च्या आसपास, युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच कोड देणारी पद्धत, रुळायच्या आधी, आपल्याकडे श्रीलिपी, आकृती, शिवाजी नाहीतर सीडॅकच्या आयएसएम अशा सॉफ्टवेअर-फाँटवर मराठी टायपिंग व्हायचं. सोसायटीची स्मरणिका, पत्रिका, बाबांचे लेख, सगळं त्यातच. या फाँटमध्ये आत साठतात ते इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड, वर फक्त मराठी आकार दिसतात, त्यामुळे फाँट गेला की फाईल धडधाकट असूनही वाचता येत नाही. त्यात प्रत्येक कंपनीचं कोडचं कोष्टक वेगळं. म्हणून मी फाँटची फाईल त्याच फोल्डरमध्ये टाकते आणि फोल्डरच्या नावातच साल आणि फाँट लिहिते, २००३-स्मरणिका-श्रीदेव-०७१४ असं.

मग फाँट एम्बेड करून, म्हणजे फाईलच्या आतच बसवून, पीडीएफ. पान होतं तसं राहतं, पण त्यात 'आजी' शोधलं तर सापडत नाही, आत मराठी मजकूर नाहीच ना! म्हणून कन्व्हर्टरमधून युनिकोड करून साधी टेक्स्ट फाईलपण ठेवायची, आणि खरा वेळ इथेच जातो कारण कन्व्हर्टर पहिली वेलांटी आणि रफार यांच्यात गडबडतो. जुन्या फाँटमध्ये वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, रफाराचं बरोबर उलटं. तेव्हा 'स्थिती', 'वर्ष', 'पूर्वी' असले शब्द पीडीएफशी ताडून बघायचेच. मला हे काम मनापासून आवडतं, बाबांचं एकेक वाक्य परत वाचून होतं.

पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या सॉफ्टवेअरच्या फाईली मात्र आधी उरका. त्याची शेवटची आवृत्ती, ७, आली २००१ मध्ये, आणि त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनमध्ये त्या फाईली सीएस६ या आवृत्तीपर्यंतच उघडायच्या. लिबरऑफिस ड्रॉ फुकट आहे, त्यात बघा उघडतायत का, मांडणी थोडी हलली तरी मजकूर हाती लागतो. फाँट ओळखता येत नसेल तर जवळच्या जुन्या डीटीपीवाल्याकडे प्रिंट घेऊन जा, अक्षराच्या वळणावरून सांगणारी माणसं अजून आहेत.